रद्दी डेपोतून आणलेला समुद्र

पाटीवर ‘पेपर रद्दी डेपो’ एवढंच लिहिलंय. लाल रंगात, हातानं रंगवलेलं, आणि ‘डेपो’वरची मात्रा पावसानं कधीच धुऊन नेली आहे. लक्ष्मी रोडवरून नदीच्या बाजूला नारायण पेठेत शिरलं की एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. इतकी वर्षं मी तिथे रद्दी घालत आले. यंदा पहिल्यांदाच तिथून विकत घेतली, पोतंभर, आणि नातीच्या वाढदिवसाची सगळी आरास त्यातून केली. त्या दुकानाबद्दल नीट लिहावं असं तेव्हाच मनात आलं. आराशीचं सामान कुठे मिळेल असं पुण्यात कुणालाही विचारा, बोहरी आळी नाहीतर तुळशीबाग असं उत्तर येतं. रद्दीच्या दुकानाचं नाव कुणी घेत नाही.

मी बत्तीस वर्षं एका छापखान्याच्या बायंडिंग खात्यात होते. फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे ताव, मोडायचे (घडी घालायचे), जुळवायचे, शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. त्यामुळे कागद हातात आला की तो कशाला चालेल ते मला बोटांनीच कळतं. हे सांगायचं कारण, खाली जे चांगलं-वाईट लिहिलंय ते कागद ओळखणाऱ्या बाईनं लिहिलंय असं समजून वाचावं.

नात पाच वर्षांची झाली, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मुलाचा फ्लॅट सिंहगड रोडला, हॉल बारा बाय पंधरा, बोलावलेली मुलं बावीस. छकुलीला विचारलं, काय करायचं? तर म्हणाली, “घरात समुद्र पाहिजे.” सूनबाईनं फुग्यांची सजावट करणाऱ्या एकाला विचारलं. त्यानं साडेसहा हजार सांगितले. त्यात निळ्या चमकी पट्ट्यांचा पडदा, फुग्यांची कमान आणि फोटो काढायला एक छापील शार्क. रात्री नऊ वाजता येऊन सगळं काढून नेणार नाही, ते आपलं आपण टाकायचं.

गेल्या वर्षीचा तसलाच चमकी पडदा मी पिशवीत भरून कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंकडे दिला होता. आमच्याकडे ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली पुण्यात उभी राहिली, त्या कचरावेचकांच्या संघटनेतूनच पुढे ही सहकारी संस्था निघाली. ताईंनी पडदा बोटांत धरून बघितला आणि म्हणाल्या, “काकू, याला कोणी घेत नाही बघा.” वर्तमानपत्र विकलं जातं, पुठ्ठा विकला जातो, बाटली विकली जाते. हा पडदा मात्र तीन तास लटकला आणि त्याचा उपयोग संपला. मला ते फार लागलं. सूनबाईला म्हटलं, “मला आठ दिवस दे. नाही जमलं तर फुगेवाल्याला बोलाव.” ती म्हणाली, “आई, तुमच्या हातचं असेल तर बघायलाच नको.” पण तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती, आणि ते साहजिक होतं.

तर दुकान. सकाळी दहाला उघडतं. आत शिरलात की डावीकडे वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत, मराठी आणि इंग्रजी वेगळे. इंग्रजीचा कागद जरा बरा असतो, त्याला भाव जास्त. मधे वह्यांची रद्दी, म्हणजे पांढरा कागद, ही सगळ्यांत मानाची. उजवीकडे मासिकं आणि चकचकीत कागद. मागच्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके चपटे करून उभे लावलेले. आणि एका कोपऱ्यात, पोत्यातून ओसंडणाऱ्या लग्नपत्रिका.

मालक चाळिशीतले, मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला मावशी म्हणतात. बोलणं कमी, पण विचारलेल्याचं उत्तर सरळ देतात. मी म्हटलं, “भाऊ, आज द्यायला नाही, घ्यायला आले.” त्यांनी एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “पॅकिंगला पाहिजे का मुलांच्या शाळेला?” म्हणजे असे गिऱ्हाईक येत असतात. मी आरास म्हटल्यावर त्यांनी स्वतः आत जाऊन मला दोन गोष्टी दाखवल्या ज्या मी मागितल्याच नसत्या. एक, मोठ्या कॅलेंडरांचा गठ्ठा. दुसरं, कापडाचे तागे गुंडाळलेले असतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांतून त्या रोज निघतात. पाच फूट लांब, भिंत चांगली जाड, आणि वजनाला काही नाही. आराशीला यासारखी वस्तू नाही. पडदा टांगायला, मासे टांगायला, होडीची डोलकाठी करायला, सगळ्याला तीच.

वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्यावर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का आहे, दरवर्षीची पडताळणी केलेला. मी मुद्दाम वाकून बघितला. रद्दीच्या धंद्यात हातात धरायच्या ताणकाट्यावर किती जणांचे किलो-दीड किलो हवेत गेलेत ते पेठेतल्या कुठल्याही बाईला विचारा. या दुकानात तो प्रकार नाही, हे मी नीट अनुभवानं सांगते, देतानाही आणि घेतानाही.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. काट्याच्या मागे फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गठ्ठे सोडताना रद्दीत सापडलेले कागद ते त्यात ठेवतात. मी उभी असताना त्यांनी एका वहीतून कुणाची तरी दहावीची मार्कशीट काढली, झटकली, त्या डब्यात सरळ ठेवली. म्हणाले, “येतात लोक शोधत. कधी दोन वर्षांनी येतात.” डब्यात पासबुकं होती, एक जन्मदाखला होता, आंतरदेशीय पत्रांचा दोऱ्यानं बांधलेला जुडगा होता. किलोवर माल घेणारा माणूस एकेका कागदाची अशी कदर करतो हे बघून मला या दुकानाबद्दल जे वाटलं ते शब्दांत नीट सांगता येणार नाही.

मी काय घेतलं ते सांगते. वर्तमानपत्रं ४ किलो, २२ रुपये किलोनं, ८८ रुपये. लग्नपत्रिका २ किलो, १० रुपये किलो, २० रुपये. मोठे खोके तीन, ४५ रुपये. कापडाच्या नळ्या पाच, २५ रुपये. कॅलेंडरं एक किलो, १५ रुपये. बेरीज १९३, घेतले १९०. बाकी अंड्यांचे ट्रे कोपऱ्यावरच्या अंडीवाल्यानं फुकट दिले आणि बबल रॅप तर घरातच साठलं होतं, ऑनलाइन मागवलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर हातभर येतंच.

लग्नपत्रिका एवढ्या स्वस्त का, तर सोनेरी फॉइल, मखमल, वरचा प्लॅस्टिकचा पातळ थर. कागद गिरणीत लगद्यासाठी जातो, तिथे हे सगळं नको असतं. म्हणून भाव नाही. पण आराशीला नेमकं तेच हवं! चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा कडक कागद, त्यावर खरा झळाळणारा सोनेरी रंग, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात असा एक ताव घ्यायला गेलात तर पंचवीस-तीस रुपये पडतात. इथे दहा रुपयांत किलो.

पत्रिका कापायला बसण्याआधी मात्र एक काम करावं. प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो. मी आधी सगळे गणपती कापून वेगळ्या पाकिटात ठेवले. त्यावर कात्री चालवणं, किंवा मुलांच्या पायाखाली येणं, मला चालणार नाही. कॅलेंडरांवरचे दत्त, लक्ष्मी, विठ्ठलही तसेच काढले. मग वधू-वरांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर असलेला भाग कापून त्याचे तुकडे केले. कुणाच्या तरी घरातला तो मंगल दिवस होता, त्यांची नावं आपल्या पंख्याखाली गरगरत राहणं बरं नाही.

आणि पिना! मासिकांच्या, वह्यांच्या, कुरियरच्या खोक्यांच्या. छकुलीला मदतीला बसवायच्या आधी मी एका संध्याकाळी नुसत्या पिना काढल्या, एक वाटी भरली. खोक्यांना तांब्याच्या रंगाच्या जाड पिना असतात, त्या पक्कडीनंच निघतात. लहान मुलं सोबत असतील तर ही पायरी गाळू नका.

आता समुद्र. निळा कागद विकत आणायचा नाही असं मी ठरवलं होतं. कपड्यांना घालायची नीळ आणली, वीस रुपयांची बाटली. बादलीत पाणी, त्यात नीळ आकाशाच्या रंगाची होईपर्यंत. वर्तमानपत्र पाण्यात बुडवलं तर लगदा होतो, म्हणून फरशीवर जुनी चादर पसरून त्यावर पान आडवं ठेवायचं आणि मऊ फडक्यानं नीळ एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा हात फिरवला की कागद फाटतो. पानं दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर जो रंग आला त्यानं मी स्वतः थक्क झाले. खालची काळी अक्षरं निळ्यातून अंधूक दिसत राहतात आणि सगळा मिळून रंग होतो पावसाळ्यातल्या समुद्राचा, करडा-निळा, गढूळसर. हर्णैला जूनमधे समुद्र असा दिसतो. तो छापील शार्कवाला निळा रंग यापुढे अगदी खोटा वाटला असता.

लाटा करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कागदालाही लाकडासारखा उभा-आडवा धागा असतो. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडून बघा, सरळ पट्टी निघते. आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. म्हणून लाटांच्या पट्ट्या मी कात्रीनं कापल्याच नाहीत, उभ्या फाडल्या. फाटलेल्या कडेला जी पांढरी लव सुटते तोच लाटेचा फेस झाला. घड्या घालायच्या असतील, पंख्यासारख्या चकऱ्या करायच्या असतील, तरी घडी धाग्याच्या दिशेनं घाला, कागद मोडत नाही, कड स्वच्छ बसते. खोक्याच्या पुठ्ठ्यालाही आत नागमोडी नळ्या असतात. घडी त्या नळ्यांना समांतर पडेल असा वळवला तर पुठ्ठा छान गोल वळतो, नळ्यांना आडवी पडेल असा वळवला की मधेच मोडतो. आम्ही सगळ्यांत मोठ्या खोक्याची होडी केली ती याच हिशेबानं, दोन मुलं आत बसून फोटो काढतील एवढी.

चिकटवायला खळ. ट्यूबमधला गम एवढ्या कामाला पुरत नाही आणि त्याचा वास मला सोसत नाही. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं आणि हात थांबवायचा नाही. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली, डाव उचलल्यावर जाड धार पडायला लागली की उतरवायची. छापखान्यात आम्ही खळीत मोरचूद घालायचो, म्हणजे पुस्तकाला झुरळं आणि कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, मुलांच्या हाताला लागणाऱ्या वस्तूत तो अजिबात घालू नका. मी चिमूटभर तुरटी घातली. अशी खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करायची. एवढ्या वर्षांनी घरात तो खळीचा उकळता वास सुटला आणि खात्यातल्या माझ्या मैत्रिणींची फार आठवण झाली.

मासे चाळीस केले. अंग कॅलेंडरच्या जाड पानाचं, वीतभर, दोन पदरी. खवले लग्नपत्रिकांचे. रुपयाच्या नाण्याएवढे गोल कापायचे, अर्धे दुमडायचे, आणि दुमडीच्या आतल्या बाजूला खळ लावून चिकटवायचे. सुरुवात शेपटीकडून करायची आणि ओळी डोक्याकडे चढवत न्यायच्या, कौलारू घराला कौलं खालून वर चढवतात तशा. म्हणजे पुढची ओळ मागच्या ओळीच्या मुळावर बसते आणि खवले खऱ्या माशासारखे मागे पडतात. उलट सुरुवात केली तर मासा विस्कटलेल्या कोंबडीसारखा दिसतो, हे छकुलीनंच शोधून काढलं, कारण तिनं पहिला मासा डोक्याकडून केला होता. एका माशाला साधारण पन्नास खवले लागतात. रोज संध्याकाळी पाच-सहा मासे. कुठल्या खवल्यावर मखमलीचा लाल तुकडा, कुठे ‘शुभ’ एवढंच अक्षर, कुठे मोराच्या पिसाऱ्याचा भाग. एकासारखा दुसरा मासा नव्हता.

अंड्यांच्या ट्रेचे खड्डे उलटे कापून एकावर एक रचले की प्रवाळ होतं. रंगवायला कुंड्यांचा उरलेला गेरू वापरला. बबल रॅपचे जेलीफिश केले, वरती छत्रीसारखा गोल आणि खाली लांब झिरमिळ्या. त्यांच्यात गणपतीतली एलईडीची माळ सोडली. कागदाच्या आराशीत साधा गरम होणारा दिवा चालणार नाही, आणि समई, मेणबत्ती तर दहा हात लांब. केकच्या मेणबत्त्यांसाठी टेबल मुद्दाम उघड्या खिडकीपाशी, समुद्राच्या बाहेर ठेवलं होतं.

आता तक्रार, आणि ती मी दुकानात तोंडावरही केली आहे. चार किलोंपैकी एक गठ्ठा आतून ओला निघाला. वरून कोरडा, सुतळी घट्ट बांधलेली, घरी येऊन सोडला तर मधली पानं एकमेकांना चिकटलेली, काळे ठिपके आणि कुबट वास. पावसाळ्याचा शेवट, दुकानाला पुढून फक्त ताडपत्री, ओल येणारच हे मला कळतं. पण बुरशी आलेला कागद मी लहान मुलांच्या डोक्यावर टांगू शकत नाही, कुणाला दमा असतो, कुणाला शिंका. दुसऱ्या दिवशी रिक्षानं तो गठ्ठा परत नेला. भाऊ आधी म्हणाले, “मावशी, रद्दीला कुठे गॅरंटी असते?” हे मला आवडलं नाही. घेताना ते आमच्याकडची ओली रद्दी घेत नाहीत, बाजूला काढतात, मग देताना तोच नियम का नको? मी तसं म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बदलून दिला, वजन करून, एक रुपया न घेता. रिक्षाचे मात्र माझे एकशे चाळीस गेले. म्हणजे बघा, ज्या सामानाला १९० लागले त्याच्या एका गठ्ठ्यापायी १४० वर खर्च झाला आणि एक अख्खी दुपार गेली. यासाठी या दुकानाला मी पाचातला एक तारा कमी देते आहे.

दुसरी छोटी अडचण, दुकानात उभं राहून माल निवडायला जागा नाही. पत्रिकांचं पोतं फूटपाथवर आणून बसून निवडावं लागलं, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत न्यावं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मुलगा शिडीवर चढला. भिंतीला काहीही चिकटवलं नाही, रंग निघतो आणि खळीच्या डागाला मुंग्या येतात. खिडकीच्या गजापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत दोऱ्या, त्यावर आडव्या नळ्या, नळ्यांना मासे. पंखा एकवर ठेवला तर मासे हळूहळू एकाच दिशेला तोंडं वळवायचे, सगळे मिळून. ते आम्ही ठरवून केलेलं नव्हतं. शेपटी पातळ, तिला वारा लागतो, म्हणून ते आपोआप होत होतं. बावीस मुलं दारातून आत आली आणि पहिल्यांदा वर बघत उभी राहिली. एक मुलगा खाली आडवाच झाला, म्हणाला आपण तळाशी आहोत. मग सगळीच आडवी झाली, आणि निम्मा वाढदिवस मुलांनी फरशीवर उताणं पडून मासे मोजण्यात घालवला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात भेळेचं पातेलं धरून बघत राहिली होती. तिनं काहीच म्हटलं नाही, नुसता माझा हात दाबला.

खाण्यापाशी मात्र मी वर्तमानपत्राचा एक तुकडा येऊ दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. छपाईची शाई पुरती वाळत नाही, बोट फिरवलं तरी काळं होतं. तेलकट, गरम पदार्थाला ती लगेच लागते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाईच आहे. त्यामुळे केकवर खोचायचा मासा मी कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याचा केला आणि खाली लाकडी काडी लावली. भेळ द्रोणांत दिली.

थर्माकोलबद्दल कुणी विचारेल म्हणून लिहिते, कारण हॉलमधे एका आईनं विचारलंच. आमच्या लहानपणी नव्हतं, मधल्या काळात गणपतीचं मखर म्हणजे थर्माकोलच झालं होतं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा त्यात आराशीचं थर्माकोल होतं, आणि १ जुलै २०२२ पासून तर देशभर सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या दोन्हीवर बंदी आहे. पुठ्ठा कापायला थोडा जोर लागतो एवढंच, बाकी थर्माकोलनं जे जे होतं ते सगळं खोक्याच्या पुठ्ठ्यात होतं.

मुलं जाताना एकेक मासा घेऊन गेली. चाळीसातले बावीस तिथेच संपले, पाच सूनबाईच्या मैत्रिणींनी मागून घेतले. बबल रॅप आणि दिव्यांची माळ गुंडाळून माळ्यावर. लाटा, होडी, प्रवाळ मी दोन दिवसांनी परत डेपोत नेलं, ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. भाऊंनी हात घालून तपासलं, कुठे चिकटपट्टी आहे का, चमकी आहे का. खळ आणि सुतळीखेरीज काही नव्हतं. गेरू लागलेले ट्रे त्यांनी बाजूला काढले, बाकीचं सगळं पुठ्ठ्याच्या भावानं घेतलं. ट्रे मी घरी आणून भिजवून कुंड्यांत घातले. त्या एका गठ्ठ्याचा रुसवा तिथे संपला.

दिवाळीच्या कंदिलासाठी परवा पुन्हा जाऊन आले. या वेळी त्यांनी लग्नपत्रिकांचं पोतं माझ्यासाठी आधीच आतल्या बाजूला, कोरड्यात ठेवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी एक ते चार बंद, सोमवारी सुट्टी. सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा कापडाच्या नळ्या नुकत्याच आलेल्या असतात आणि भाऊंना बोलायला वेळ असतो. पिशव्या आपल्या न्या. आणि पावसाळा असेल तर प्रत्येक गठ्ठ्याची सुतळी सोडून, मधल्या पानांत हात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.